एक काना कमी

…नाही, मला आधी हे सांगा, एक काना द्यायला किती वेळ लागतो? काना हो, काना! अक्षराच्या बाजूची उभी रेघ. पहिलीतलं पोर देतं, जीभ बाहेर काढून देतं, पण देतं! आणि आमच्या ऑफिसात, जिथे सात संगणक आहेत, एक सर्व्हर आहे, त्या सर्व्हरला स्वतंत्र एसी आहे, आम्हाला नाही, सर्व्हरला आहे, तिथे एक काना द्यायला अडीच महिने लागतात आणि तरी धड मिळत नाही! आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा." मनाला? अहो, मनाला नाही, नावाला लावायचा होता तो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल की हा माणूस भलत्याच गोष्टीवर तापतो.

मी लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्ट बनवत नाही आम्ही, बिघडलेल्या दुरुस्त करतो. मी स्टोअर सांभाळतो. तळमजल्यावर एक लांबट खोली, खिडकी एकच, आणि तीही उघडते जिन्याकडे, म्हणजे मला दिवसभर जगाचे फक्त पाय दिसतात. आत भिंतभर कप्पे. दाराचे रोलर, पुल्या, स्प्रिंगा, दोर, बटणं… शून्यापासून बत्तिसाव्या मजल्यापर्यंतची बटणं. बावीस वर्षं झाली. डोळे बांधून मला कुठलाही स्क्रू मागा, काढून देतो. आणि बावीस वर्षं तिथे माझं एक नाव होतं, आडनाव होतं. नाव 'रा'वरून, आडनाव 'जा'वरून. पुढचं सांगत नाही, सांगून उपयोग काय? ऑफिसात आता ते कुणाला आठवत नाही.

तर झालं काय, आमच्याकडे मनुष्यबळ विभाग सुरू झाला. विभागात मनुष्य दोनच, एक मॅडम आणि एक टायपिंगच्या ताई, आणि बळ सगळं मॅडमकडे. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात नवी सिस्टिम आणली. हजेरी तिच्यात, रजा तिच्यात, स्टोअरचं दार तिच्यात. माझ्याकडे बावीस वर्षं जी किल्ली होती, पितळी, दांड्याला सुतळी बांधलेली, ती जमा करून घेतली आणि हातात एक कार्ड दिलं. म्हणाल्या, "आता दाराला कार्ड दाखवायचं, दार बोलेल आणि उघडेल." मी म्हटलं, "मॅडम, दार नुसतं उघडलं तरी चालेल, बोलायला घरी माणसं आहेत." हसल्या नाहीत. मॅडम हसत नाहीत, टिक करतात.

आणि या सिस्टिममध्ये नावाचा रकाना म्हणे छोटा! अख्खं नाव बसत नाही! हत्तीएवढी सिस्टिम आणि नावाचा रकाना मुंगीएवढा. मग परिपत्रक निघालं, प्रत्येकाला लघुनाव मिळेल. नावाचं पहिलं अक्षर अधिक आडनावाचं पहिलं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. यापुढे ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना लघुनावानेच हाक मारावी, म्हणजे सिस्टिमची सवय होईल. सिस्टिमला आमची सवय व्हायला नको, आम्हाला तिची!

दुसऱ्या दिवशी यादी लागली… आणि तुम्हाला सांगतो, एकेकाचे चेहरे! आमचा शिपाई, साधा माणूस, वर मान करून बोलत नाही, त्याचं झालं 'बाप'. आता मोठे साहेब केबिनमधून ओरडतात, "बाप! फाइल कुठाय?" आणि बाप म्हणतो, "आणली साहेब!" पहिले चार दिवस साहेब बिचारे "अहो बाप" म्हणत होते, मग सवय झाली. रखवालदाराचं झालं 'भूत'. फळ्यावर सूचना, "रविवारी इमारत बंद, आत फक्त भूत असेल." झाडायला येणाऱ्या बाईंनी रविवार सोडला तो सोडलाच. आणि आमचा मुख्य मेकॅनिक, मनगटं ही एवढी, मिशा ह्या एवढ्या, त्याचं काय व्हावं? 'सासू'! गिऱ्हाईक बाई फोनवर रडकुंडीला, लिफ्ट बंद पडलीय, आठव्या मजल्यावर सामान अडकलंय, आणि आमच्या फोनवरच्या ताई गोड आवाजात सांगताहेत, "काळजी करू नका, अर्ध्या तासात सासू पोचते." बाई म्हणाल्या, "नको! एक आहे घरात!" आणि फोन ठेवला. जिना चढल्या म्हणे आठ मजले.

मॅडमचं काय झालं विचारा ना. विचारा! नियमाप्रमाणे मॅडमचं होत होतं 'शिवी'. खोटं नाही सांगत, यादीत आलं होतं, दहा वाजता मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, "रजेचे अर्ज शिवीकडे द्यावेत." दहा वाजून पाच मिनिटांनी गेलो तर तिथे 'मॅडम'. पाच मिनिटांत! शिवीची मॅडम व्हायला पाच मिनिटं, आणि मला एक काना द्यायला…

हां, माझं. माझं काय व्हायला हवं होतं? 'रा' अधिक 'जा'. सांगा. मोठ्यांदा सांगा! राजा! अहो, परिपत्रक वाचलं त्या संध्याकाळी मी चालत घरी गेलो, बस पकडली नाही, छाती काढून चालत गेलो. बायकोला म्हटलं, "उद्यापासून ऑफिसात मला राजा म्हणणार आहेत." ती म्हणाली, "बरं, राजे, आधी तो बल्ब बदला." तरी मी खूश. बावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी राजा म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि तीही लेखी!

सकाळी यादी बघतो तर… रजा.

र. जा. रजा! 'र'चा काना गेला कुठे? तर आमच्या टायपिंगच्या ताई. स्वभावाने लाख माणूस, पण त्यांना आम्ही सुपरफास्ट म्हणतो, कारण त्या मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, सगळी मधली स्टेशनं. धडधडत थेट शेवटच्या अक्षराला. मी गेलो, म्हटलं, "ताई, एक काना राहिलाय." ताई टाइप करता करताच, "अय्या, हो का? देते हं, एवढं पत्र झालं की देते." ते पत्र अजून चालूच आहे, तुम्हाला सांगतो. अडीच महिने! कुणाला लिहिताहेत देव जाणे.

मी मनात म्हटलं, जाऊ दे, रजा तर रजा. चारचौघं हसतील, हसून हसून किती हसतील? दाराला कार्ड दाखवलं. तर त्या दारातून एक बाई बोलली, इतकी गोड, इतकी गोड, की कानाला चिकटावी. म्हणाली, "रजा… नोंद झाली. आपण रजेवर आहात. सुट्टीचा आनंद घ्या!"

दार बंद.

पुन्हा कार्ड दाखवलं. "आपण रजेवर आहात. सुट्टीचा आनंद घ्या!" मी म्हटलं, "अहो बाई, मी हजर आहे! हा काय उभा आहे!" आता बंद दाराशी मी भांडतोय आणि मागे जिन्यात माणसं थांबून बघताहेत. शेवटी सासू आला, त्याने स्वतःचं कार्ड दाखवलं, दार उघडलं आणि खांद्याला हात लावून मला आत घेतलं. तेव्हापासून रोजचं हेच! सकाळी साडेनऊला मी माझ्याच स्टोअरच्या पायरीवर बसून सासूची वाट बघतो. बायकोने एकदा सहज विचारलं, "आज उशीर का झाला कामाला लागायला?" मी म्हटलं, "सासूने दार उघडलं नाही." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिला वाटलं तिच्या आईवर आहे!

आणि फोन! आमच्या फोनवरच्या ताईंची काही चूक नाही, पण ऐकवत नाही हो. "हॅलो, स्टोअरचे साहेब आहेत का?" "स्टोअरला रजा आहेत." "अच्छा, रजा आहे. मग उद्या?" "उद्या पण रजा आहेत." "म्हणजे लांबच्या रजेवर आहेत?" "नाही, नाही, रजा रोज येतात." "रोज रजा?" "हो, रजा कधीच रजेवर जात नाहीत!" पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. मीही ठेवला असता.

सिस्टिमवाल्या कंपनीला फोन केला. तिथेही तीच बाई! तोच आवाज! "तक्रार नोंदवण्यासाठी आपले लघुनाव सांगा." मी म्हटलं, "रजा." "आपण रजेवर आहात. तक्रार कामावर हजर झाल्यावर नोंदवावी. सुट्टीचा आनंद घ्या!" अहो, कसला आनंद? कुठला आनंद? कानाला फोन, समोर बटणांचे कप्पे, हातात ग्रीस, आणि मी सुट्टीचा आनंद घेतोय!

इथपर्यंत ठीक होतं. खरंच. मी सोसलं असतं. माझा मुद्दा पुढेच आहे.

मला एकच मुलगी. तिला परगावी कॉलेजात प्रवेश मिळाला. लांब, रात्रभराची गाडी. वसतिगृहात राहायचं. आता तुम्हाला खरं सांगतो, लपवत नाही, तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी गेलो नाही. नाचली, मी नाही. भाषणात पहिली आली, मी नाही. एकदा ती नाटकात झाड झाली होती, तेव्हासुद्धा नाही. दर वेळी तिची आई गेली. आणि मी दर वेळी काय म्हणायचो? "रजा साठवतोय गं. एकदम मोठ्या कामाला वापरू." अशा साठवून साठवून बासष्ट रजा झाल्या होत्या माझ्या. बासष्ट! कप्प्यात ठेवलेल्या सुट्या भागांसारख्या, एकेक पुसून ठेवलेली. आणि ती ट्रंक भरताना म्हणाली, "बाबा, सोडायला तुम्ही येणार ना? का रजा साठवताय अजून?" चिडवत म्हणाली, पण… मी म्हटलं, "येणार! चार दिवस येणार! गादी उचलून वर नेणार, खोलीचा बल्ब बदलणार, सगळं करणार." बायकोला तर मी घरातला एक बल्ब सहा महिने बदलून दिला नव्हता, तिने नुसतं बघितलं माझ्याकडे.

केला अर्ज. चार दिवसांचा. आणि उत्तर काय आलं असेल? "शिल्लक रजा : शून्य."

शून्य! अहो, मी रोज कामावर गेलो म्हणून! रोज कार्ड दाखवलं की सिस्टिमने लिहायचं, 'रजा', आणि एक रजा कापायची. मी घाम गाळायचा, तिने कापायची. रविवारी मी घरी, तेव्हा कापत नव्हती, कारण मी कार्डच दाखवत नव्हतो! बासष्ट दिवस कामावर जाऊन जाऊन माझ्या बासष्ट रजा संपल्या! घरी लोळत पडलो असतो ना, तर सगळ्या शाबूत राहिल्या असत्या!

तरातरा पाच मजले चढून गेलो. जिन्याने. का जिन्याने? कारण आमची स्वतःची लिफ्ट, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची लिफ्ट, तिच्या दाराचा रोलर झिजलाय आणि मी तीनदा लिहून दिलंय, "बदला", आणि मागणी दर वेळी परत येते, "संबंधित कर्मचारी रजेवर आहेत." संबंधित कर्मचारी कोण? मी!

मॅडम म्हणाल्या, "हे बघा रजा, सिस्टिम दाखवतेय की तुम्ही बासष्ट दिवस रजेवर आहात."

"मॅडम, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय. पण सिस्टिममध्ये तुम्ही नाही."

"पण मी काम केलंय! सह्या आहेत माझ्या!"

मॅडमनी चष्मा काढला. "मग तो आणखी गंभीर प्रश्न आहे. रजेवर असताना ऑफिसात येणं नियमात बसत नाही. आणि तुम्ही आत कसे येत होतात?"

सासूचं नाव कसं घेणार? पण मॅडमना कळलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर परिपत्रक. "दुसऱ्याचे कार्ड वापरून कोणतेही दार उघडणे हा गंभीर गैरवर्तनाचा प्रकार समजला जाईल. कोणत्याही परिस्थितीत अपवाद केला जाणार नाही." खाली सही, मॅडम.

तो दिवस म्हणजे गाडीचा दिवस! संध्याकाळची गाडी! घरी ट्रंक दारात आणून ठेवलेली, त्यावर गादीची वळकटी, मुलगी दर तासाला फोन करतेय, "बाबा, मिळाली?" आणि मी "मिळतेय, मिळतेय" म्हणत स्टोअरच्या पायरीवर बसलोय. सासू आला, माझ्याकडे बघितलं, परिपत्रकाकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सॉरी रजा. मला पण घर आहे." आणि वर गेला, त्याला मॅडमनी खुलाशाला बोलावलं होतं.

अकराच्या सुमारास वरून धाडकन आवाज झाला. आणि मग… सासूची हाक. आणि मग… मॅडमची.

अडकली! लिफ्ट अडकली! तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये! खुलासा झाल्यावर मॅडम सासूला घेऊन खाली येत होत्या, स्टोअरचं दार तपासायला, म्हणजे माझंच दार, आणि रोलरने मान टाकली. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो. वर बघतो तर दार चार बोटं उघडलेलं, त्या फटीत खाली मॅडमचे बूट, आणि त्या बुटांशेजारी वाकून आडवा झालेला सासूचा एक डोळा.

सासू फटीतून म्हणाला, "रजा, दाराचा रोलर आणून दे. आतून बसवतो, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "आहे ना! तिसरा कप्पा, दुसरी ओळ, डाव्या हाताला. नवाकोरा!" "मग आण की!" मी म्हटलं, "दार उघडत नाही. मी रजेवर आहे."

मग सासू म्हणाला, "हे घे माझं कार्ड," आणि फटीतून कार्ड बाहेर आलं. मी त्या कार्डाकडे बघितलं. आता तुम्ही म्हणाल, दुष्ट माणूस. नाही हो! माझा हात पुढे गेला होता, अर्धा गेला होता! पण डोळ्यासमोर ट्रंक आली, ट्रंकेवरची वळकटी आली, नाटकात झाड झालेली मुलगी आली. हात मागे घेतला. आणि अदबीने म्हटलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, घेऊ का? सकाळचं परिपत्रक आहे… कोणत्याही परिस्थितीत अपवाद नाही."

बूट हलले. बराच वेळ नुसते बूट हलले. चौथ्या मजल्यावर बाप उभा, तिसऱ्यावर भूत उभा, फोनवरच्या ताई फोन सोडून आलेल्या. शेवटी मॅडमचा आवाज आला, पहिल्यांदाच माणसासारखा, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

मी म्हटलं, "एक काना."

"काय?"

"एक काना, मॅडम! 'र'ला! मी राजा झालो की दार उघडेल, दार उघडलं की रोलर येईल, रोलर आला की तुम्ही बाहेर याल. आणि चार दिवस रजा. सिस्टिममध्ये नको, कागदावर, शाईने, तुमच्या सहीची."

फटीतून कागद मागवला गेला. बापाने दिला. आत सासूच्या पाठीवर कागद ठेवून मॅडमनी सही केली, आणि फटीतून तो बाहेर आला, चार दिवस, मंजूर. मग मॅडमनी फोन लावला आणि ओरडल्या, सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं, "काना द्या! रजाला काना द्या! आत्ताच्या आत्ता! पत्र राहू दे!" आणि पाचव्या मजल्यावरून सुपरफास्टचा आवाज, "देते, देते, दिला, दिला!"

मी धावत खाली. कार्ड दाखवलं. आणि ती बाई, ती गोड बाई, आज वेगळंच बोलली. म्हणाली, "आपल्या आजवरच्या सेवेबद्दल आम्ही आभारी आहोत." आणि दार उघडलं!

बावीस वर्षांत! बावीस वर्षांत मला कुणी आभार म्हटलं नव्हतं! माझे डोळे भरून आले. दाराला म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं." रोलर घेतला, वर गेलो, फटीतून दिला, सासूने बसवला, मॅडम बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता जिन्याने वर गेल्या. मी घरी.

गेलो हो! चार दिवस गेलो! ट्रंक उचलली, गादी तिसऱ्या मजल्यावर नेली, जिन्याने, लिफ्टवर माझा विश्वास नाही. बल्ब बदलला. खिडकीची कडी ढिली होती, ती घट्ट केली. खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, "तुझे बाबा खूप काम करतात गं." आणि माझी मुलगी म्हणाली, "ते सुट्टीवर आहेत, आनंद घेताहेत." निघताना शर्टाची बाही धरून फाटकापर्यंत आली, आणि बाही सोडली नाही. मलाच सोडवून घ्यावी लागली. असो.

परतीच्या गाडीत मोबाइल वाजला. संदेश. "आपला राजीनामा मंजूर झाला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

तुम्हाला सांगतो, मी डब्यात उभा राहिलो. कसला राजीनामा? कुणाचा? मी राजीनामा दिला? कधी दिला? बाजूच्या गृहस्थांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काना!"

झालं असं होतं. सुपरफास्टने टाइप केलं 'राज'. एवढंच. पुढचा काना द्यायच्या आतच त्या हुशार सिस्टिमने खाली सुचवलं, 'राजीनामा', कारण मनुष्यबळ विभागात हाच शब्द सगळ्यात जास्त टाइप होतो म्हणे. आणि ताई कशाला थांबताहेत? धडधड, एंटर! म्हणून ती बाई आभार मानत होती! सेवेबद्दल! मला निरोप देत होती, आणि मी वेडा म्हणत होतो, त्यात काय एवढं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर दारात फुलांचा हार घेऊन बाप उभा. मी म्हटलं, "अरे, चूक आहे ती!" बाप म्हणाला, "माहितीय हो सगळ्यांना. पण सिस्टिमनेच निरोप समारंभाची वेळ दिलीय, साडेतीन. खुर्च्या लावून झाल्यात." केला हो समारंभ! मला मधल्या खुर्चीत बसवलं. भूत रडला. सासूने भाषण केलं, "असा माणूस पुन्हा होणे नाही." आणि मॅडम उठल्या, कागद बघून म्हणाल्या, "बावीस वर्षांत यांनी फक्त सहासष्ट रजा घेतल्या. त्यातल्या बासष्ट सलग." मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजल्या. आणि पाच वाजता सगळे आपापल्या जागी गेले आणि मीही… कुठे जाणार? स्टोअरमध्ये गेलो. सासूला अकरा नंबरची स्प्रिंग हवी होती.

मॅडम म्हणाल्या, राजीनामा मागे घ्यायची सोय सिस्टिममध्ये नाही. पण नव्याने भरती करायची आहे. अर्ज भरला. अनुभव, बावीस वर्षं. जागा सोडण्याचे कारण… मी लिहिलं, टायपिंग. मुलाखत झाली! मॅडमनी घेतली! मला विचारतात, "दाराचा रोलर कुठल्या कप्प्यात असतो?" मी म्हटलं, "मॅडम, तो तुम्हाला चांगला माहिती आहे." निवड झाली माझी. उमेदवार एकच होता.

आणि या वेळी मी सुपरफास्टच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. एकेक बटण दाबताना बघितलं. 'र'. "ताई, काना." दिला. 'ज'. "ताई, काना." दिला. खाली ते राजीनामा-राजीनामा नाचत होतं, तिकडे बघूसुद्धा दिलं नाही मी त्यांना. राजा! झालो एकदाचा राजा! सकाळी कार्ड दाखवलं, ती बाई म्हणाली, "सुप्रभात, राजा. आपण हजर आहात." दार उघडलं. मी माझ्या पायांनी, माझ्या कार्डाने, माझ्या स्टोअरमध्ये गेलो. सासू मागे उभा होता, त्याने सलाम केला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, पुढच्या महिन्यात कॉलेजात आमचं नाटक आहे. या वेळी झाड नाहीये मी, बोलणार आहे. याल ना?" मी म्हटलं, "येणार म्हणजे काय! आता मी राजा आहे, मला कोण अडवतंय?" आणि लगेच अर्ज केला.

नामंजूर. नवीन कर्मचाऱ्याला पहिलं वर्षभर रजा नाही.

आता बसलोय. घड्याळ लावलंय स्टोअरमध्ये, निरोपाचं, छान चालतं. येणारे-जाणारे राजे-राजे म्हणतात. काना जागच्या जागी आहे. पण तुम्हाला खरं सांगू? तो काना नव्हता ना, तेव्हा निदान नावाला तरी रजा होती हो माझ्याकडे.